तुमचा ब्राउझर कोणाचा माणूस?

"तुम्ही कोणता ब्राउझर वापरता?" हा प्रश्न आपल्या बेटावरील कोणत्याही मराठी घरात विचारून पाहावा. बहुधा उत्तर मिळेल, "गूगल." कोणी म्हणेल, "फेसबुक." एखाद्या आजी हातातला फोन पुढे करून म्हणतील, "हे घे बाबा, तूच बघ." यात लाजण्यासारखे काही नाही. २००९ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये गूगल कंपनीच्याच एका माणसाने पन्नासाहून अधिक लोकांना रस्त्यात थांबवून 'ब्राउझर म्हणजे काय?' असे विचारले होते. बरोबर उत्तर देणारे शेकडा आठसुद्धा निघाले नाहीत. जे त्या महानगरातील शिकल्या-सवरल्यांना सांगता आले नाही ते वाक्वाच्या किंवा कास्कावेलच्या एखाद्या आजोबांना ठाऊक नसले तर त्यांना कोणी हसू नये.

परंतु हसू नये म्हणजे तसेच राहू द्यावे असे नव्हे. आज बँकेचे खाते, मुलांचे निकाल, कराचा तक्ता, परदेशी गेलेल्या लेकीचे पत्र, सारे या एकाच खिडकीतून घरात येते. ज्या खिडकीतून घरातला पैसा आणि घरातली गोष्ट बाहेर जाते तिचे नाव ठाऊक नसणे आम्हांला धोक्याचे वाटते, आणि म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

आधी साधी गोष्ट. इंटरनेट म्हणजे रस्ता. आपल्या बेटावर हा रस्ता समुद्राच्या तळातून येतो. दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, रियुनियन, भारत आणि मलेशिया यांना जोडणारी 'सेफ' नावाची केबल २००२ पासून आपल्या किनाऱ्याला लागलेली आहे, आणि नंतर आणखीही केबली आल्या. या रस्त्यावरून जाणारी मोटार म्हणजे ब्राउझर. आणि गूगल म्हणजे रस्त्याकडेचे एक दुकान, जिथे आपण 'अमुक घर कुठे आहे हो?' असे विचारतो. घोटाळा होतो तो एवढ्यासाठी की या दुकानदाराची स्वतःची मोटारही आहे. तिचे नाव क्रोम. मोटार उघडताच समोर त्याचेच दुकान दिसते, म्हणून लोक रस्त्याला, मोटारीला आणि दुकानाला एकच नाव देतात. दुकानदाराची त्याला हरकत नसावी.

महाराष्ट्रात कोणी ब्राउझरला 'न्याहाळक' असा शब्द काढला. शब्द गोड आहे, पण तोंडी रुळला नाही. आपल्या मुलांना मात्र फ्रेंच शब्द ठाऊक असतो: 'नाव्हिगातर', म्हणजे दर्यावर्दी. ज्यांचे पूर्वज जहाजाने आले त्यांना हा शब्द जवळचा वाटायला हवा. हे नावही उगाच पडलेले नाही. १९९४ साली निघालेल्या गाजलेल्या ब्राउझरचे नावच 'नेटस्केप नॅव्हिगेटर' होते. त्याच्यावर मात करायला १९९५ साली मायक्रोसॉफ्टने 'एक्सप्लोरर', म्हणजे शोधक, आणला. पुढे युरोपातील काही हौशी मंडळींनी 'कॉन्करर', म्हणजे जेता, नावाचा ब्राउझर लिहिला. आधी दर्यावर्दी येतो, मग शोधक येतो, मग जेता येतो, असा त्या नावातला विनोद. आपल्याला तो अधिक लवकर कळतो. १५९८ ला डच, १७१५ ला फ्रेंच आणि १८१० ला इंग्रज इथे कसे उतरले ते आपण शाळेत पाठ केलेले आहे.

आता ओळख पटवण्याचा मुद्दा. तुम्ही एखादे पान उघडता तेव्हा तुमचा ब्राउझर त्या दूरच्या संगणकाला आधी स्वतःची ओळख सांगतो. एक लांबलचक ओळ पाठवतो. या ओळीला इंग्रजीत 'यूझर एजंट' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर वापरणाऱ्याचा मुखत्यार. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत. या मुखत्याराचे ओळखपत्र मोठे मजेदार असते. विंडोजवरचा क्रोम आपली ओळख अशी देतो: 'मोझिला ५.०, विंडोज एनटी १०.०, ॲपलवेबकिट ५३७.३६, केएचटीएमएल, लाइक गेको, क्रोम, सफारी ५३७.३६.' म्हणजे क्रोम दारात उभा राहून म्हणतो, मी मोझिला आहे, मी ॲपलचा आहे, मी गेकोसारखा आहे, मी सफारीही आहे. आणि मध्येच कुठेतरी हळूच स्वतःचे नाव घेतो.

हे खोटे बोलणे नव्हे. ही वंशावळ आहे, आणि ती आपल्या वंशावळीसारखीच आहे.

मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची आणि घाटावरची माणसे इथे आली तेव्हा पोर्ट लुईसच्या धक्क्यावर, ज्याला आज आपण आप्रवासी घाट म्हणतो आणि ज्याला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, तिथल्या कारकुनाने कानाला ऐकू आले ते नाव रोमन अक्षरांत उतरवले. आडनाव बहुधा हरवले. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले. काहींच्या नावामागचा 'जी' हा आदराचा शब्द कायमचा चिकटून बसला. आज मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले ते जुने कागद पाहिले की एकाच घराण्याच्या तीन फांद्यांची तीन वेगळी स्पेलिंगे निघतात. नाव पुढे गेले ते दारावरच्या माणसाला जे चालले त्या रूपात.

ब्राउझरच्या नावांचेही असेच झाले. 'मोझिला' हे नेटस्केपचे घरगुती नाव होते. नेटस्केपला पान चौकटींत विभागून दाखवता येत असे, म्हणून पाने पुरवणारे संगणक ओळखपत्रात 'मोझिला' दिसले तरच चांगले पान देत, इतरांना साधे. एक्सप्लोरर आला, त्यालाही चौकटी येत होत्या, पण दारावरचा पहारेकरी त्याला ओळखेना. तेव्हा त्याने ओळखपत्रावर लिहिले, 'मोझिला (सुसंगत)'. पुढे नेटस्केपच्या वारसांनी 'गेको' नावाचे नवे इंजिन बनवले, मग पहारेकरी 'गेको' शोधू लागले. म्हणून कॉन्करर म्हणाला, 'गेकोसारखा'. २००३ साली ॲपलने कॉन्कररच्याच इंजिनातून आपले वेबकिट काढले आणि सफारी बाजारात आणली, तिने हे सारे शब्द वारशाने घेतले. २००८ साली गूगलने वेबकिट घेऊन क्रोम काढला; त्याने 'सफारी' हा शब्दही घेतला. मायक्रोसॉफ्टचा एज आज यापुढे स्वतःचे नाव जोडतो, तेही शेवटचे अक्षर गाळून. ब्रेव्ह नावाचा ब्राउझर तर क्रोमचेच ओळखपत्र जसेच्या तसे दाखवतो.

हल्ली क्रोम ओळखपत्रातला तपशीलही मुद्दाम कमी सांगतो. विंडोज ११ असली तरी 'विंडोज एनटी १०.०' असेच म्हणतो. कारण उघड आहे. बारीकसारीक तपशील जुळवून एकाच माणसाला गर्दीतून हुडकून काढता येते. आपल्या आजोबा-पणजोबांना ही गोष्ट नवी नव्हती. १८६७ च्या कायद्याप्रमाणे त्यांना छायाचित्र लावलेले तिकीट अंगावर बाळगावे लागत असे, आणि ते नसले की शिपाई धरून नेई. ओळखपत्र किती तपशिलाचे असावे हा प्रश्न या बेटावर फार जुना आहे.

नावे पुष्कळ असली तरी इंजिने मात्र आज तीनच उरली आहेत. आपल्या रस्त्यांवरच्या बसगाड्या पाहा. कंपन्यांचे रंग वेगळे, पाट्या वेगळ्या, पण डबा उचलून पाहिला तर खाली बहुधा अशोक लेलँडचा नाहीतर टाटाचा सांगाडा. ब्राउझरांचे तसेच आहे. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर, या सर्वांखाली गूगलचे ब्लिंक इंजिन आहे. ते २०१३ साली वेबकिटपासून वेगळे निघाले. सफारीखाली ॲपलचे वेबकिट. फायरफॉक्सखाली मोझिलाचे गेको. आयफोनवर तर गंमत अशी की आपल्या देशात क्रोम घ्या की फायरफॉक्स घ्या, आत इंजिन वेबकिटच असते. ॲपलने दुसऱ्या इंजिनाला वाट दिली ती २०२४ साली, आणि तीही युरोपीय संघाच्या कायद्यापुढे नमून, त्या वेळी तेवढ्याच देशांपुरती. तेव्हा आयफोनवर दुसरा ब्राउझर घेऊन आपण फार मोठे स्वातंत्र्य मिळवले असे कोणी समजू नये.

कोणी म्हणेल, एकच इंजिन असले तर बिघडले कुठे? काम चालते ना? याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. एक्सप्लोररने नेटस्केपला हरवले तेव्हा जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक त्याच्यावर होते. मग काय झाले? २००१ साली सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला २००६ उजाडले. पाच वर्षे. स्पर्धक उरला नव्हता, घाई कसली? दक्षिण कोरियासारख्या पुढारलेल्या देशात बँकेचे आणि सरकारी व्यवहार एक्सप्लोररच्या एका खास यंत्रणेला बांधले गेले, आणि ती गाठ सोडवायला अनेक वर्षे गेली. त्या काळात दुसरा ब्राउझर वापरणाऱ्या कोरियन माणसाला स्वतःच्याच बँकेत पैसे पाठवता येत नव्हते. २००४ साली फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा कुठे हवा बदलली. स्वतः एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. कोरियासारख्या मोठ्या बाजारपेठेची ही कथा. बारा-तेरा लाखांच्या बेटाला असा फास लागला तर तो सोडवायला कोण धावून येणार?

आज जगातील साधारण दोन-तृतीयांश वापर क्रोमचा आहे. आपल्या बेटावरही काही कार्यालयांच्या पानांवर 'हे पान क्रोममध्ये उघडा' अशी सूचना आढळते. आम्हांला ही सूचना खटकते. ज्या कार्यालयाचा खर्च सर्वांच्या करातून चालतो त्याच्या दारावर 'अमक्या कंपनीच्या मोटारीतून आलात तरच आत' अशी पाटी असू नये. पान नीट लिहिले तर तिन्ही इंजिनांवर चालते. ते लिहिणाऱ्याने तीनदा तपासून पाहायचे असते, एवढाच त्याचा खर्च.

आता मुखत्याराकडे वळू. मुखत्यार म्हणजे आपल्या वतीने बोलणारा, आपले हित पाहणारा माणूस. पण मुखत्याराला पगार कोण देतो? उसाच्या मळ्यावरचा सरदार आपल्या वाडवडिलांना चांगला ठाऊक होता. तो आपल्यातलाच, आपली भाषा बोलणारा, साहेबापुढे आपली बाजू मांडणारा. वेळ पडली तर उधारीही देई. परंतु त्याची नोकरी मळेवाल्याची होती. कोणता सरदार कोणाच्या बाजूचा, हे पगाराच्या दिवशी आणि हजेरी कापण्याच्या दिवशी कळे. सगळेच सरदार वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांनी आपल्या लोकांना जमिनी घ्यायला मदत केली. पण पगार कुठून येतो हे विसरून चालत नसे.

ब्राउझर आपल्याला फुकट मिळतो. तो लिहिणाऱ्या अभियंत्यांना मात्र फुकट जेवण मिळत नाही. गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची, आणि क्रोममधून त्याचे शोधाचे दुकान चालते. सफारीत शोधासाठी आपलेच दुकान आधी दिसावे म्हणून गूगलने ॲपलला एकट्या २०२२ साली सुमारे २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्यात कागदोपत्री बाहेर आले. मोझिलाची बहुतेक कमाईसुद्धा अशाच कराराने गूगलकडून येते. वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निर्णय दिला की गूगलने शोधाच्या धंद्यातली आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली. सरकारची मागणी होती की क्रोम विकायला लावा. सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायाधीशांनी ती मागणी मान्य केली नाही. 'दुसऱ्याला जागाच मिळणार नाही' अशा प्रकारचे करार मात्र बंद केले.

हे दूरच्या कोर्टातले भांडण आपल्या घरापर्यंत कसे येते, तर कुकीच्या रूपाने. कुकी म्हणजे पान तुमच्या ब्राउझरच्या खिशात ठेवते ती चिठ्ठी. ज्या दुकानात गेलात त्याने आपल्या सोयीसाठी चिठ्ठी ठेवली तर ठीक. पुन्हा गेलात की तो ओळखतो. परंतु त्या दुकानात टेबल टाकून बसलेला तिसराच माणूस, जाहिरातवाला, आपलीही चिठ्ठी खिशात सरकवतो, आणि तुम्ही दुसऱ्या दुकानात गेलात की तिथेही तोच बसलेला असतो. गुडघेदुखीचे औषध सकाळी पाहिले आणि संध्याकाळी पंचांगाच्या पानावर गुडघ्याच्या पट्ट्यांची जाहिरात आली, ती अशी. या तिसऱ्याच्या चिठ्ठ्या फायरफॉक्सने २०१९ मध्ये अडवायला सुरुवात केली. सफारीने २०२० मध्ये पूर्ण बंद केल्या. क्रोमनेही जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की दोन वर्षांत आम्ही त्या काढून टाकू. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. अखेर २०२४ आणि २०२५ मध्ये बेत गुंडाळला गेला. वाचकांनी स्वतःच ठरवावे की सरदाराचा पगार कुठून येत होता.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की क्रोम वेगवान आहे, त्यातली छिद्रे कंपनी तत्परतेने बुजवते, आणि त्याच्या इंजिनाचा मजकूर जगापुढे खुला आहे. तेव्हा क्रोम टाकून द्या असा आमचा आग्रह नाही. आमचे मत एवढेच की एका घरात दोन ब्राउझर असावेत, आणि ते दोन वेगळ्या इंजिनांचे असावेत. बँकेसाठी एक, बाकी भटकंतीसाठी दुसरा. बँकेच्या ब्राउझरमध्ये जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या साठत नाहीत, आणि एखादे पान एकात उघडले नाही तर दुसऱ्यात पाहता येते. हे करायला पैसा लागत नाही, नातवाची अर्ध्या तासाची सवड लागते.

नाव आणि आवृत्ती पाहायची कशी? संगणकावर क्रोम किंवा एज असेल तर वर उजवीकडे तीन ठिपके असतात, फायरफॉक्स असेल तर तीन आडव्या रेघा. तिथे 'मदत' आणि त्याखाली 'विषयी' असा पर्याय असतो; मॅकवर वरच्या पट्टीत 'सफारी' या शब्दावर दाबले की तोच पर्याय पहिला दिसतो. तिथे नाव दिसते, आकडा दिसतो, आणि क्रोम, एज, फायरफॉक्समध्ये नवी आवृत्ती आली असेल तर ती तिथल्या तिथे उतरू लागते. आकडा पाठ करायची गरज नाही. तो अद्ययावत आहे असे लिहिलेले दिसले की पुरे.

ही जागा ठाऊक असण्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. एखादे पान वाचताना मध्येच फलक उगवतो, 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे दाबून नवा करा.' हे लुटारूंचे आवडते सोंग आहे. खरा ब्राउझर आपली सुधारणा स्वतःच्या यादीतून करतो, कोणा परक्याच्या पानावरून नव्हे. ज्याला स्वतःच्या ब्राउझरचे नाव ठाऊक आहे तो फायरफॉक्समध्ये बसून 'तुमचा क्रोम जुना झाला' हे वाचतो तेव्हा मनात हसतो आणि पान बंद करतो. ज्याला ठाऊक नाही तो घाबरून दाबतो.

जुन्या संगणकांची गोष्ट मात्र खरी आहे. विंडोज ७ वर क्रोमची २०२३ सालची १०९ वी आवृत्ती शेवटची. त्यापुढे त्याला नवी मिळत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कपाटावरचा तो जुना संगणक अजून चालतो म्हणून त्यावर बँक उघडणे शहाणपणाचे नाही. भजने ऐकायला तो उत्तम आहे.

फोनवर आणखी एक फसगत आहे. फेसबुकमध्ये एखाद्या बातमीवर बोट ठेवले की पान उघडते ते बहुधा तुमच्या ब्राउझरमध्ये नव्हे, फेसबुकच्याच पोटातल्या खिडकीत. तुम्हांला वाटते आपण बाहेर पडलो; आपण अजून त्यांच्याच ओसरीवर असतो. २०२२ साली फेलिक्स क्राउझे या अभ्यासकाने आयफोनवर दाखवून दिले की फेसबुक आणि इन्स्टाग्राम या पोटातल्या खिडकीत उघडलेल्या परक्या पानांमध्ये आपला मजकूर घुसवतात. तेव्हा परवलीचा शब्द टाकण्याची वेळ आली तर आधी ठिपके दाबून 'ब्राउझरमध्ये उघडा' हा पर्याय निवडावा. हीच गोष्ट 'गुप्त' खिडकीची. ती उघडली की आपण अदृश्य होतो असा तरुणांचा समज आहे. घरातल्यांपासून कदाचित, बाहेरच्यांपासून नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने साठवलेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

पत्त्याशेजारच्या कुलपाबद्दलही दोन शब्द. कुलूप दिसले म्हणजे पान प्रामाणिक, असे पुष्कळांनी धरून ठेवले होते. कुलूप एवढेच सांगते की वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे बसलेला चोर असेल तर कुलूप चोराच्याच घराचे. लोकांची ही समजूत पाहून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हच काढून टाकले. पत्ता वाचावा, आणि तो उजवीकडून वाचावा. पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे नाव आहे तोच घरमालक. त्याच्या डावीकडे बँकेचे नाव कितीही ठळक लिहिलेले असो, ते दारावर रंगवलेले चित्र समजावे.

आता ज्या गोष्टीने आम्हांला खरी टोचणी लागली ती. ब्राउझर स्वतःच्या नावाबरोबर तुमची भाषाही सांगतो. आपल्या घरांतील ब्राउझर सांगतात: फ्रेंच, किंवा इंग्रजी. मराठी त्या यादीत नसते, कारण ती कोणी घातलेलीच नसते. परिणाम असा की मुलाने हौसेने एखादे मराठी पान उघडले की क्रोम पुढे होऊन विचारतो, 'हे इंग्रजीत करू का?' आणि एकदा 'नेहमी करा' वर बोट पडले की त्या फोनवर मराठी पान मराठीत दिसणे संपते. मुलाला वाटते पान इंग्रजीच होते. पाच-सहा वर्षे शाळेत बसून जी अक्षरे तो शिकला ती त्याच्या डोळ्यांसमोरून कोणी उचलून नेली हे त्याच्या लक्षातही येत नाही. कोणी वाईट हेतूने केले असेही नाही. मुखत्याराला कोणी सांगितलेच नव्हते की या घराला मराठी येते.

पूर्वी अडचण निराळी होती. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी वृत्तपत्रांची पाने ज्याच्या-त्याच्या खास टंकात असत. तो टंक नसला की ओळीच्या ओळी अगम्य चिन्हांच्या दिसत. मग युनिकोड रुळला आणि देवनागरी सर्व ब्राउझरांत दिसू लागली. आज तर 'वाऱ्यावर' आणि 'दऱ्या' यांतला आपला खास ऱ्हस्व रफारसुद्धा नीट उमटतो, आणि पान मराठीचे आहे असे त्यावर नोंदलेले असेल व टंक तसा असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे दिसतात. यंत्राने एवढी तयारी करून ठेवल्यावर आपणच यादीत नाव घालू नये हे चमत्कारिक आहे.

करायचे काय, तर क्रोमच्या मांडणीत 'भाषा' हा विभाग उघडावा, तिथे मराठी जोडावी, आणि मराठीचे भाषांतर कधीही सुचवू नये असे सांगून ठेवावे. फायरफॉक्सच्या मांडणीतही भाषांची यादी असते. त्याची बटणे आणि याद्यासुद्धा मराठीत घेता येतात, तशा क्रोमच्याही येतात. मराठी पहिली ठेवायलाच हवी असा हट्ट आम्ही धरत नाही. बँकेचे पान फ्रेंचमध्ये समजते त्याने फ्रेंच वर ठेवावी. मात्र काही ब्राउझर यादीतली पहिलीच भाषा पुढे सांगतात, हे लक्षात घेऊन ज्या दुसऱ्या ब्राउझरची आम्ही वर शिफारस केली त्यात मराठी वर ठेवावी. मुलांचा अभ्यास, पंचांग, महाराष्ट्रातली वृत्तपत्रे आणि नातलगांची पत्रे त्यातच उघडावीत.

संध्याकाळच्या बैठकांमध्ये आणि शाळांतील मराठीच्या वर्गांत शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना आमची एक विनंती आहे. पहिल्या इयत्तेत बाराखडी संपते त्या आठवड्यात एक तास यासाठी द्यावा. मुलांनी घरचा फोन आणावा, ब्राउझरचे नाव काढावे, वहीत मराठीत लिहावे, आणि भाषांच्या यादीत मराठी घालून दाखवावी. काही मुलांच्या फोनवर 'नेहमी भाषांतर करा' आधीच लागलेले निघेल. ते तिथेच काढून द्यावे, आणि मुलाला घरी जाऊन आजीच्या फोनवर तेच करायला सांगावे.